भोकरदनचे तीन बाइट : जालना जिल्ह्यातील संगणकशास्त्राच्या अध्यापकांना खुले पत्र

प्रति,
जालना जिल्ह्यातील तंत्रनिकेतने, अभियांत्रिकी महाविद्यालये व वरिष्ठ महाविद्यालये यांतील संगणकशास्त्राचे अध्यापक आणि अभ्यासमंडळांचे सदस्य यांस,



सी भाषेच्या पहिल्याच सत्रात विद्यार्थ्याच्या वहीत उतरणाऱ्या फंक्शनांमध्ये 'स्ट्रकॉपी' हे नाव हमखास असते. एका ठिकाणची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी उतरवणे एवढेच त्याचे काम; त्याची व्याख्या दोन ओळींत आटोपते, त्यावरचा प्रश्न दोन-चार गुणांत आटोपतो आणि वर्ग पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या पत्राचे म्हणणे असे की, हा धडा तिथे अर्धाच शिकवून होतो. उरलेला अर्धा भाग ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारी मूळ प्रणाली, लिहिणाऱ्या जाणत्या मंडळींच्याही हातून कित्येकदा सुटला, त्याची किंमत जगभरच्या कार्यालयांनी मोजली आणि तिची झळ न्हावाशेवा बंदराच्या धक्क्यापर्यंत येऊन पोचली. धड्याचा तो उरलेला भाग जालन्याच्या वर्गांत शिकवला जावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नेमका करून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा वाद त्यांच्याभोवती फिरतो. बफर म्हणजे मेमरीत राखून ठेवलेली ठरावीक लांबीची सलग जागा. ती किती बाइटची आहे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवलेले असते आणि एकदा राखली की ती आपोआप वाढत नाही. स्ट्रिंगचे मात्र सी भाषेत असे मोजमाप कुठेही नोंदलेले नसते. ओळीने बाइट येत राहतात आणि ज्या बाइटचे मूल्य शून्य असते तिथे स्ट्रिंग संपली असे मानायचे, एवढाच संकेत आहे. 'स्ट्रकॉपी' या शून्याच्या भरवशावर चालते: शून्य सापडेपर्यंत एकेक बाइट उचलायचा आणि पलीकडच्या बफरमध्ये टाकायचा. पलीकडे जागा किती आहे हे त्या फंक्शनला सांगितलेलेच नसते, त्यामुळे जागा संपली तरी ते थांबत नाही. बफरच्या शेजारी जे काही असेल त्यावर लिहीत सुटते. शेजारी दुसरे चल असू शकते, एखाद्या परवानगीची नोंद असू शकते, किंवा चालू फंक्शन संपल्यावर प्रोग्रामने कुठे परतायचे तो पत्ता असू शकतो. येणारी स्ट्रिंग परक्या माणसाने पाठवलेली असेल, तर तो पत्ता काय असावा हे ठरवण्याची संधी त्या परक्याला मिळते. बफर ओव्हरफ्लो या नावाने ओळखला जाणारा दोष तो हाच.

हे सर्व पाठ्यपुस्तकांत असते, असे कुणी म्हणेल. असते खरे, पण बहुधा 'राम', 'हॅलो' अशा उदाहरणांसह असते आणि त्या उदाहरणांत कधीच काही बिघडत नाही. त्याऐवजी जालना जिल्ह्यातील आठ तालुक्यांची नावे घेऊन पाहावीत. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, प्रत्येक चालू प्रोग्रामचे नाव ठेवण्यासाठी १६ बाइटची जागा असते आणि त्यातला एक बाइट शेवटच्या शून्यासाठी जातो, म्हणजे नावासाठी उरतात १५. रोमन लिपीत आठही नावे यात सुखाने मावतात. सर्वांत लांब असलेल्या घनसावंगीलाही रोमन अक्षरे अकराच लागतात. देवनागरीचा हिशेब वेगळा आहे. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णाला, प्रत्येक काना-मात्रेला, अनुस्वाराला आणि हलन्तालाही स्वतंत्रपणे तीन-तीन बाइट लागतात. त्यामुळे अंबड आणि मंठा यांचे प्रत्येकी १२ बाइट होतात, जालना आणि परतूर यांचे बरोबर १५. ही चार नावे मावतात, शेवटची दोन तर अगदी काठोकाठ. भोकरदनला १८ बाइट लागतात, बदनापूरला २१, जाफराबाद आणि घनसावंगी यांना २४. निम्मा जिल्हा त्या जागेत मावत नाही. जो प्रोग्राम केवळ रोमन नावे देऊन तपासला गेला, त्यात हा दोष वर्षानुवर्षे दडून राहतो आणि पहिला मराठी वापरकर्ता येईपर्यंत कुणालाही दिसत नाही.

आता 'भोकरदन' ही एकच स्ट्रिंग १६ बाइटच्या बफरमध्ये उतरवायची आहे असे समजून निरनिराळी फंक्शने काय करतात ते क्रमाने पाहता येईल, कारण गेल्या साडेचार दशकांचा इतिहास त्या एका कृतीत सामावलेला आहे. 'स्ट्रकॉपी' अठरा बाइट आणि शेवटचे शून्य असे एकोणीस बाइट लिहील, म्हणजे तीन बाइट हद्दीबाहेर जातील. बहुतेक वेळा प्रोग्राम चालूच राहील, उत्तरही बरोबर येईल आणि विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतील. शिकवण्याच्या दृष्टीने यातली खरी अडचण हीच आहे.

यावर उपाय म्हणून बहुतेक वर्गांत 'स्ट्रएनकॉपी' सुचवले जाते, कारण त्यात जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे तो आकडा देता येतो. तो उपाय भ्रामक आहे. हे फंक्शन मुळात स्ट्रिंगसाठी रचलेलेच नव्हते. जुन्या युनिक्समध्ये फाइलचे नाव डिरेक्टरीत १४ बाइटच्या ठरावीक रकान्यात ठेवले जाई, नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाई आणि नाव नेमके १४ बाइटचे असेल तर शेवटी शून्य नसले तरी चाले, कारण रकान्याची लांबी सर्वांना ठाऊक होती. अर्जावर छापलेल्या चौकटींसारखी ती व्यवस्था होती: चौकटी संपल्या की नाव संपले. या जुन्या रकान्यात 'जालना' हे नावही पुरते बसले नसते, कारण त्याला पंधरावा बाइट हवा. शेवटच्या कान्याच्या तीन बाइटपैकी दोनच आत आले असते आणि पडद्यावर 'जालन' व त्यापुढे एक अनोळखी चिन्ह उमटले असते. 'स्ट्रएनकॉपी'ने तो स्वभाव आजही सोडलेला नाही. १६ ही मर्यादा देऊन 'भोकरदन' उतरवायला सांगितले, तर ते 'भोकरद'चे १५ बाइट आणि 'न'चा पहिला बाइट असे सोळा बाइट लिहील आणि शेवटचे शून्य न लिहिताच थांबेल. लिहिताना हद्द ओलांडली गेली नाही हे खरे, पण आता त्या बफरमधली स्ट्रिंग कुठे संपते हे कुणालाच ठाऊक नाही. ती वाचणारे पुढचे फंक्शन शून्याच्या शोधात हद्दीबाहेर वाचत जाईल आणि तिथे जे असेल, मग तो परवलीचा शब्द का असेना, ते बाहेर आणून देईल. चोरी थांबवण्यासाठी कडी बसवावी आणि ती बाहेरच्या बाजूने बसावी, असा हा प्रकार आहे.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी १९९८ मध्ये 'स्ट्रएलकॉपी' आणले आणि पुढच्या वर्षी युजनिक्सच्या परिषदेत त्यावर निबंध मांडला. हे फंक्शन बफरची पूर्ण लांबी घेते, शेवटचे शून्य न चुकता लिहिते आणि मूळ स्ट्रिंगची लांबी परत करते. 'भोकरदन'साठी ते १८ हा आकडा परत करील. १८ हा १६ पेक्षा लहान नाही, म्हणजेच नाव कापले गेले, हे एका तुलनेत कळते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या जीएनयू सी लायब्ररीने मात्र हे फंक्शन वर्षानुवर्षे नाकारले. नाव गुपचूप कापले जाणे हाही दोषच आहे, असा विरोधकांचा एक आक्षेप होता आणि तो पोकळ नव्हता. पंधरा बाइटच्या मर्यादेत 'ज्ञानेश्वर', 'ज्ञानदेव' आणि 'ज्ञानोबा' ही तिन्ही नावे कापली तर तिन्ही ठिकाणी 'ज्ञान' एवढेच उरते, आणि तीन माणसे एक होतात. 'लक्ष्मण' कापले तर 'लक्ष्' असा लटकता हलन्त हाती येतो. तुलनेचा निकाल पाहिलाच नाही तर 'स्ट्रएलकॉपी' वापरूनही हे घडते. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये, लायब्ररीच्या २.३८ या आवृत्तीत, त्याला प्रवेश मिळाला.

गंमत अशी की त्यानंतर काही महिन्यांतच, २०२४ च्या आरंभी, लिनक्स कर्नलच्या ६.८ या आवृत्तीतून त्याच फंक्शनला निरोप देण्यात आला. यात विसंगती नाही. 'स्ट्रएलकॉपी'ला मूळ स्ट्रिंगची लांबी सांगायची असल्यामुळे ती शेवटपर्यंत वाचावीच लागते, बफर कितीही लहान असला तरी. साध्या प्रोग्राममध्ये याने फारसे बिघडत नाही; कर्नलमध्ये मात्र मूळ स्ट्रिंग कुठून आली आहे याची खात्री नसते. तिच्या शेवटी शून्य नसेल, तर वाचन भलत्याच मेमरीत शिरते. शिवाय एक प्रोसेसर ती वाचत असताना दुसरा ती बदलत असू शकतो. म्हणून ख्रिस मेटकाफ यांनी २०१५ मध्ये कर्नलसाठी 'स्ट्रएसकॉपी' लिहिले, ते ४.३ या आवृत्तीत आले. हे फंक्शन मर्यादेपलीकडचे काही वाचत नाही, शेवटचे शून्य लिहिते आणि स्ट्रिंग मावली तर उतरवलेल्या बाइटची संख्या, मावली नाही तर 'फार मोठे' या अर्थाचा ऋण आकडा परत करते. आकडा ऋण असल्यामुळे चूक नजरेआड होणे कठीण जाते, मात्र तो ठेवण्यासाठी घेतलेले चल ऋण संख्या धरणारे हवे, नाहीतर तोच आकडा अवाढव्य धन संख्या होऊन बसतो. उरलेली जागा शून्यांनी भरून काढणारे त्याचे भावंडही नंतर आले, कारण बफरच्या न वापरलेल्या भागात पडून राहिलेला जुना मजकूर वापरकर्त्याच्या हाती गेला तर कर्नलच्या पोटातली माहिती फुटते. विशेष म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी 'स्ट्रएसकॉपी' स्वीकारतानाच बजावले होते की, जुन्या कोडमध्ये डोळे मिटून नावांची अदलाबदल करत सुटू नये. तो इशारा योग्य होता. प्रत्येक ठिकाणी शेवटचे शून्य हवे आहे की नको, उरलेली जागा भरायची आहे की नाही, कापलेले नाव चालणार आहे की नाही, हे वाचून ठरवावे लागते; कर्नलमधून 'स्ट्रएनकॉपी' हद्दपार करण्याचे काम इतकी वर्षे रेंगाळले ते याचमुळे.

फंक्शन चांगले असले तरी त्याला दिलेला आकडा चुकीचा असेल तर सारे व्यर्थ जाते, आणि विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. ॲरे जिथे जाहीर केला तिथे 'साइझऑफ' त्याची खरी लांबी सांगते, पण तोच ॲरे दुसऱ्या फंक्शनकडे पाठवला की तिथे पोचतो तो केवळ पत्ता, आणि 'साइझऑफ' त्या पत्त्याची लांबी, म्हणजे आजच्या संगणकांवर ८, सांगते. बफर सोळाचा आणि मर्यादा आठाची, हे त्यातल्या त्यात सुदैवी प्रकरण. बफर चाराचा असता तर उलट झाले असते. कर्नलच्या 'स्ट्रएसकॉपी'त २०२४ पासून लांबी न देण्याची मुभा आहे, तेव्हा ती कंपायलर स्वतः मोजतो आणि समोर ॲरे नसून नुसता पत्ता असेल तर प्रोग्राम बांधायलाच नकार देतो. माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट यंत्राच्या गळ्यात घालण्याचा हा मार्ग सर्वांत खात्रीचा वाटतो.

लांबीच्या हिशेबातली चूक किती दूरवर जाऊ शकते याचे उदाहरण जालन्याच्या उद्योगांना अपरिचित नसावे. इथल्या पोलाद कारखान्यांच्या भंगाराची आवक आणि जिल्ह्यातील मालाची निर्यात ज्या जवाहरलाल नेहरू बंदरातून होते आणि ज्या बंदराने जालन्याजवळ ड्रायपोर्टचा प्रकल्प हाती घेतला, त्या न्हावाशेवाच्या बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया या खासगी टर्मिनलचे कामकाज जून २०१७ च्या अखेरीस ठप्प झाले. हे टर्मिनल मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स चालवते आणि २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या 'नॉटपेट्या' या घातक प्रोग्रामने त्या समूहाची जगभरची यंत्रणा आडवी केली होती. समूहाचे तत्कालीन अध्यक्ष जिम हेगमन स्नाबे यांनी पुढे दावोस येथे सांगितल्याप्रमाणे सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर दिला. नॉटपेट्याने पसरण्यासाठी चोरलेले परवलीचे शब्दही वापरले, त्यामुळे सारा दोष एकाच चुकीवर टाकणे न्याय्य नाही. पण त्याच्या हत्यारांपैकी 'इटर्नलब्लू' हे एक होते, आणि त्याच्या मुळाशी विंडोजच्या कर्नलमधली, बफरच्या लांबीचा हिशेब करणारी, एक चूक होती.

ती चूक वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर देण्या-घेण्याच्या एसएमबी या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत, ओएस/२ या जुन्या प्रणालीच्या रीतीने आलेली फाइलच्या गुणधर्मांची यादी विंडोजच्या रीतीत बदलून घ्यावी लागे. त्यासाठी आधी एक फंक्शन यादी तपासून किती जागा लागेल ते मोजत असे, आणि यादीचा शेवटचा भाग सदोष आढळला तर यादीची नोंदलेली लांबी कमी करत असे. ही लांबी ३२ बिटांच्या रकान्यात ठेवलेली होती, पण दुरुस्त केलेला आकडा लिहिणारी ओळ फक्त खालच्या १६ बिटांत लिहीत होती. हल्लेखोराने लांबी ६५,५३६ अशी पाठवायची. द्विमान पद्धतीत हा आकडा म्हणजे वरच्या सोळा बिटांत एक आणि खालच्या सोळा बिटांत सारी शून्ये. दुरुस्तीनंतर लांबी ६५,३७३ व्हायला हवी होती आणि खालच्या भागात ती बरोबर लिहिलीही गेली, पण वरच्या भागातला तो एक तसाच राहिला. परिणामी आकडा कमी होण्याऐवजी १,३०,९०९ झाला. बफर राखला गेला तो योग्य भागापुरता, आणि प्रत उतरवणारे फंक्शन चालत राहिले ते फुगलेल्या आकड्यापर्यंत. इथे 'स्ट्रकॉपी' कुठेच नाही, प्रत उतरवणाऱ्या फंक्शनला लांबी रीतसर दिलेली आहे, तरीही ओव्हरफ्लो घडतो, कारण जागा राखणारा आकडा आणि प्रत उतरवणारा आकडा हे दोन निरनिराळे झाले. मायक्रोसॉफ्टने यावरची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी दिली होती. १२ मे रोजी पसरलेला 'वॉनाक्राय' हा दुसरा घातक प्रोग्राम आणि २७ जूनचा नॉटपेट्या, दोन्ही त्यानंतरचे. दुरुस्ती वेळेवर न बसवणे हा वेगळा आणि तितकाच गंभीर दोष, त्याचा विचार इथे नको.

या सर्वांच्या आधीचे, आणि वर्गाच्या अगदी जवळचे, प्रकरण २ नोव्हेंबर १९८८ चे आहे. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या वर्मने, म्हणजे एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, त्या रात्री इंटरनेटवरील हजारो संगणक व्यापले. त्यांत शिरण्याच्या वाटांपैकी एक होती 'फिंगर' ही सेवा. तिच्या प्रोग्राममध्ये ५१२ बाइटचा बफर होता, तो 'गेट्स' या फंक्शनने भरला जाई आणि वर्मने त्याला ५३६ बाइट पाठवले. 'गेट्स'ला मर्यादा सांगण्याची सोयच नाही; ते सुरक्षितपणे वापरण्याचा कोणताही मार्ग अस्तित्वात नाही. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून ते फंक्शन काढून टाकण्यात आले आणि लिनक्सवरील लिंकर ते वापरल्यास धोकादायक असल्याची सूचना छापतो. असे असताना राज्यातील कित्येक प्रयोगशाळांत नव्वदच्या दशकाच्या आरंभीचा टर्बो सी अजून डॉसबॉक्सच्या आधाराने चालवला जातो, त्यात 'गेट्स' बिनतक्रार चालते आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत ते पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते. डॉसमध्ये एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखलेली नसल्याने हद्द ओलांडल्याचा परिणामही बहुधा दिसत नाही. ज्या साधनात चूक दिसतच नाही, त्या साधनावर चूक शिकवता येणार नाही. टर्बो सी प्रयोगशाळेतून जावा, याबाबत हे पत्र कोणतीही तडजोड सुचवत नाही.

अध्यापकवर्गाच्या अडचणी खोट्या नाहीत. पहिल्या सत्रातील विद्यार्थी अनेकदा मराठी माध्यमातून आलेला असतो, त्याला लूप आणि पॉइंटर समजता समजता सत्र सरते, आणि परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकवावे लागते. आणखी एक आक्षेप असा घेतला जातो की, मर्यादा स्वतः सांभाळणाऱ्या भाषा आल्या असताना हा जुना व्याप कशाला. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या ६.१ या आवृत्तीत रस्ट भाषेला प्रवेश मिळाला, हे खरे. परंतु त्या कर्नलमधील सीच्या ओळी कोट्यवधींच्या घरात आहेत आणि बंदरावरच्या क्रेनपासून कारखान्यातल्या नियंत्रकांपर्यंत बरीचशी यंत्रे आज सीवरच चालतात. ती सांभाळायला माणसे लागणार आहेत, आणि ती इथल्याच वर्गांतून जाणार आहेत.

शिवाय मागणी व्याप वाढवण्याची नाही. 'स्ट्रकॉपी' शिकवायच्या तासालाच बफर १६ बाइटचा घेऊन आठ तालुक्यांची देवनागरी नावे त्यात उतरवायला सांगावीत, आणि जीसीसी कंपायलरला ॲड्रेस सॅनिटायझरचा पर्याय जोडावा. हा पर्याय २०१३ पासून जीसीसीत आहे, विनामूल्य आहे, आणि प्रोग्रामने हद्द ओलांडली त्या क्षणी तो थांबवून नेमक्या ओळीसह चूक दाखवतो. 'जालना' आणि 'परतूर' पार होतील, 'भोकरदन'ला पडदा लाल होईल. का ते विद्यार्थी स्वतः मोजून काढील. त्याच तासाच्या शेवटी 'घनसावंगी' नावाने एखादा छोटा प्रोग्राम बांधून लिनक्सवर चालवावा आणि चालू प्रोग्रामची यादी पाहावी. तिथे 'घनसाव' दिसेल, आणि कर्नलने इथे हद्द ओलांडली नाही, नाव कापले, हा फरक व्याख्यानाशिवाय समजेल. मग त्या कापण्याची सूचना प्रोग्राम लिहिणाऱ्याला मिळाली होती का, हा प्रश्न विचारावा.

अभ्यासमंडळांच्या सदस्यांकडे मागणे थोडे अधिक आहे, कारण विद्यार्थी काय वाचतो हे अखेर प्रश्नपत्रिका ठरवते. "'स्ट्रकॉपी' म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा" या प्रश्नाऐवजी दहा ओळींचा कोड देऊन हद्द कुठे ओलांडली जाते आणि किती बाइटने, असे विचारावे. ज्या उत्तरात बफरची लांबी दिलेली नाही किंवा फंक्शनने परत केलेला आकडा तपासलेला नाही, त्याला पूर्ण गुण देऊ नयेत, असे परीक्षकांच्या सूचनांत स्पष्ट नोंदवावे. 'गेट्स' वापरणाऱ्या उत्तराला त्या भागाचे गुणच देऊ नयेत. अभ्यासक्रम बदलायला मंडळाची बैठक लागते, तिला वेळ लागतो, हे मान्य आहे. प्रात्यक्षिकाच्या वहीतला नमुना मात्र विभागप्रमुखांच्या सहीने बदलतो, आणि तो येत्या सत्राच्या पहिल्या तासाआधी बदलावा, अशी जिल्ह्यातील प्रत्येक संगणकशास्त्र विभागाला आग्रहाची विनंती आहे.